‘पालक’ शब्दाची व्याप्ती : शाळा व्यवस्थापन समितीच्या परिभाषेची चिकित्सा

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने कायदा आणि शासननिर्णय यांच्या वाटेस जाऊ नये, तो प्रांत शिक्षणशास्त्राचा किंवा राज्यशास्त्राचा आहे, असा एक समज विद्यापीठीय वर्तुळात अद्यापि आढळतो. वस्तुतः कायदा हा प्रथम भाषेत घडतो आणि मग व्यवहारात उतरतो. एखाद्या कलमातील नामाची व्याप्ती किती धरावयाची, क्रियापदाचा कर्ता कोण समजावयाचा, हे प्रश्न कचेरीत ज्या दिवशी निकालात निघतात त्या दिवशी कोणाच्या तरी पदरात काही पडलेले असते, किंवा कोणाचे तरी काही गेलेले असते. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या २१ व्या कलमाने निर्माण केलेली शाळा व्यवस्थापन समिती ही या दृष्टीने तपासून पाहण्याजोगी आहे. आणि ती परभणी जिल्ह्याच्या संदर्भात तपासली असता त्या कलमातील एका साध्या शब्दाची, ‘पालक’ या शब्दाची, जी ओढाताण दिसते ती केवळ कोशकारांच्या कुतूहलाची बाब राहत नाही.

कलमाचा आशय थोडक्यात असा. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळेत अशी समिती असलीच पाहिजे. तिच्या सदस्यांपैकी किमान ७५ टक्के हे त्या शाळेतील बालकांचे आईवडील अथवा पालक असावेत. वंचित व दुर्बल घटकांतील बालकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान मिळावे. आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात. महाराष्ट्राच्या २०११ च्या नियमांनी सदस्यसंख्या १२ ते १६ ठरविली, अध्यक्ष पालकांतून निवडावयाचा असे सांगितले आणि मुख्याध्यापकास पदसिद्ध सचिव केले. सभा महिन्यातून एकदा, पुनर्रचना दर दोन वर्षांनी. विनाअनुदानित खासगी शाळेस ही समिती लागू नाही. म्हणजे जो पालक शुल्क भरतो त्याच्यावर व्यवस्थापनाचा भार नाही. जो शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत मूल घालतो, आणि ज्याच्यापाशी बहुधा वेळ, पैसा व अक्षर या तिन्ही गोष्टींची वानवा असते, त्याने मात्र शाळेवर देखरेख ठेवावी अशी अपेक्षा. (शुल्क भरणाऱ्यांसाठी २०११ चा शुल्क विनियमनाचा निराळा अधिनियम आहे, त्यातही पालकांचा संघ आहे, परंतु त्याचा मुख्य विषय शुल्क हाच.) या भेदामागे तत्त्व नाही असे नव्हे. सार्वजनिक पैशाचा हिशेब जनतेने पाहावा हे तत्त्व योग्यच आहे. प्रश्न एवढाच की, ज्याला ‘पाहा’ म्हटले तो पाहू शकेल अशी जागा त्याला दिली आहे काय?

या जागेचा इतिहास ध्यानात घेतल्यावाचून आजची परिभाषा नीट उलगडत नाही. महाराष्ट्रात शिक्षणाच्या संदर्भात पालक हा दीर्घकाळ सक्तीचा विषय होता. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली. बडोद्यास सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचा प्रयोग आरंभिला व १९०६ मध्ये तो सर्व राज्यास लागू केला. गोखल्यांचे १९११ चे विधेयक पुढील वर्षी फेटाळले गेले. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या १९१७ च्या आदेशाने मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरविला. त्या काळात एक रुपया ही मजुरी करणाऱ्यास जाणवणारी रक्कम होती. या सर्व प्रयत्नांत हेतू उदात्त, आणि पालक हा मुलाच्या आणि शाळेच्या मध्ये उभा असलेला अडथळा. त्याला समजावयाचे, न समजल्यास दंडावयाचे. परभणी त्या वेळी निजामाच्या राज्यात होती; मराठवाडा १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर तेथील प्राथमिक शाळा परिषदेकडे गेल्या. त्यानंतर ग्राम शिक्षण समिती, पालक-शिक्षक संघ, माता-पालक संघ अशी नावे एकामागून एक येत गेली. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१ (क) मध्ये मुलास शिक्षणाची संधी देणे हे आईवडिलांचे व पालकांचे मूलभूत कर्तव्य म्हणून घातले, आणि २००९ च्या अधिनियमाच्या १० व्या कलमाने मुलास शाळेत दाखल करणे हे त्यांचे कर्तव्य म्हणून पुन्हा नोंदविले. शिक्षा मात्र ठेवली नाही. त्याच अधिनियमाचे २१ वे कलम त्याच पालकास शाळेचा निरीक्षक करते. ज्याला काल दंड होत होता त्याला आज खुर्ची दिली, ही प्रगती निर्विवाद होय. परंतु जुन्या वाक्यरचना खुर्चीबरोबर बदलल्या नाहीत, आणि चिकित्सेस खरा आरंभ येथेच होतो.

प्रथम क्रियापदे पाहावीत. कलम २१ प्रमाणे समितीने शाळेच्या कामावर देखरेख ठेवावयाची, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करावयाची, अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवावयाचे. कलम २२ म्हणते की हा आराखडा शासनाच्या नियोजनाचा व अनुदानाचा आधार होईल. देखरेख ठेवणे, शिफारस करणे, लक्ष ठेवणे. या यादीत ‘ठरविणे’ हे क्रियापद नाही. समितीस व्यवस्थापनाचे नाव आहे, पण ज्या क्रियापदांवाचून व्यवस्थापन या शब्दास अर्थ राहत नाही ती सर्व अन्यत्र आहेत: शिक्षक नेमणे जिल्हा परिषदेकडे, बदली तिच्याकडे, खोली बांधणे तिच्याकडे. देखरेख हा शब्दही मराठीत मुकादमाच्या आणि राखणदाराच्या कामास लागतो. शेतावर देखरेख ठेवणारा शेताचा मालक असेलच असे नाही.

त्यानंतर ‘सहभाग’. शासकीय परिपत्रकांतून हा शब्द आता इतका रुळला आहे की त्याच्या घडणीकडे कोणाचे लक्ष जात नाही. सह आणि भाग. बरोबरीने वाटा असणे. मराठीत ‘भाग घेणे’ या प्रयोगात घेणारा हाच कर्ता असतो. ‘पालकांनी भाग घेतला’ या वाक्यात तृतीयान्त पालक स्वतः काही करताना दिसतात. परंतु परिपत्रकी मराठीत रूढ झालेला प्रयोग तो नव्हे. तेथे ‘पालकांना सहभागी करून घ्यावे’, ‘पालकांचा सहभाग मिळवावा’, ‘पालकांचा सहभाग वाढवावा’ असे म्हणतात. पहिल्या वाक्यात ‘पालकांना’ हे कर्म आहे. दुसऱ्या दोहोंत पालक षष्ठीत जाऊन बसले आहेत आणि सहभाग ही मिळवावयाची वस्तू झाली आहे. या तिन्ही वाक्यांचा अध्याहृत कर्ता एकच: मुख्याध्यापक. सहभाग घेणाऱ्याकडून सहभाग ही क्रिया काढून घेऊन ती दुसऱ्याच्या कर्तव्यपत्रकात लिहिली गेली आहे.

याहून लक्षणीय असा अर्थसंकोच ‘लोकसहभाग’ या सामासिक शब्दाचा झाला आहे. खेड्यातील कोणत्याही प्राथमिक शाळेच्या भिंतीवर ‘लोकसहभागातून’ हा शब्द दिसतो: लोकसहभागातून रंगरंगोटी, लोकसहभागातून संगणक, लोकसहभागातून पाण्याची टाकी. येथे त्याचा अर्थ वर्गणी हा आणि एवढाच आहे. लोकांनी दिले म्हणून शाळा सजली, याचे कौतुक करावे तेवढे थोडेच. तथापि शब्दाचा अर्थ पैशापुरता आक्रसला की ज्याच्यापाशी पैसा नाही त्याच्यापाशी सहभागही नाही, असे अनुमान भाषेनेच करून ठेवलेले असते. सरपंच, व्यापारी, गावाबाहेर नोकरीस गेलेला सुपुत्र हे सहभागी. सालगड्याची बायको नव्हे.

ही अडचण एकट्या मराठीची नाही. अमेरिकेत १९६५ साली गरीब मुलांसाठी ‘हेड स्टार्ट’ ही पूर्वप्राथमिक योजना सुरू झाली, आणि त्याच वर्षी शाळांना संघीय निधी देणारा शिक्षण कायदा आला. आज हेड स्टार्टच्या धोरण मंडळात निम्म्याहून अधिक सदस्य त्या मुलांचे पालक असावे लागतात. शाळांच्या कायद्यात मात्र पालकांच्या सहभागासाठी धोरण लिहावे, सभा घ्याव्यात, निधीचा काही अंश राखून ठेवावा, अशा अटी आहेत. २०१५ साली त्या कायद्याची पुनर्रचना करताना ‘पेरेंटल इन्व्हॉल्व्हमेंट’ हा शब्दप्रयोग काढून ‘पेरेंट अँड फॅमिली एंगेजमेंट’ हा घातला गेला. नवा शब्द अधिक सन्मानाचा वाटला, आणि ‘फॅमिली’ घातल्याने आजी, मावशी, थोरला भाऊ यांना आत येण्यास निदान दार तरी मिळाले. सत्तेची वाटणी त्या शब्दाने झाली नाही. शेरी आर्न्स्टीन यांनी १९६९ मध्ये नागरिकांच्या सहभागाची जी आठ पायऱ्यांची शिडी मांडली, तिच्यातील मधल्या पायऱ्या, म्हणजे माहिती देणे, मत विचारणे, समजूत काढणे, या महाराष्ट्रातील पालकमेळाव्यास बिनचूक लागू पडतात. मेळाव्यात पालकांचे ‘उद्बोधन’ होते. उद्बोधन ज्याचे होते तो आधी झोपलेला आहे, हे त्या शब्दात गृहीत असते.

आता इतिवृत्ताकडे वळावे. समितीच्या सभेचा तोच एक लेखी अवशेष होय, आणि नियमाप्रमाणे तो जनतेस पाहावयास खुला असतो. इतिवृत्त म्हणजे ‘असे घडले’. परंतु शाळेच्या दप्तरातील इतिवृत्ताची वाक्ये ठरीव साच्याची असतात: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करण्यात आले.’ ‘सर्वानुमते मंजूर करण्यात आले.’ ‘आयत्या वेळच्या विषयांवर चर्चा करण्यात आली.’ ‘आभार मानून सभा संपल्याचे जाहीर करण्यात आले.’ मराठी व्याकरणकारांत प्रयोगविचाराबद्दल मतभेद पुष्कळ आहेत, परंतु ‘-ण्यात येणे’ या रचनेत कर्ता सांगण्याची गरज उरत नाही याबद्दल दुमत होणार नाही. हिशेबाच्या कामात ही रचना सोयीची आहे. समितीच्या कामात ती घातक ठरते, कारण कोण बोलले हेच या समितीचे प्रयोजन आहे. ७५ टक्के पालक हे प्रमाण कायद्याने सदस्यसूचीत घातले. इतिवृत्ताच्या वाक्यात पालकाचे प्रमाण शून्य असते.

एक नमुना घेऊन पाहू. परभणीच्या खेड्यातील बोलीत तक्रार अशी होईल: ‘लेकरायला प्यायला पाणी नाही.’ इतिवृत्तात तिचे रूप असे होईल: ‘पिण्याच्या पाण्याच्या सुविधेबाबत चर्चा करण्यात आली.’ ‘लेकरायला’चे ‘विद्यार्थ्यांना’ होऊन प्रमाणभाषेचा ‘-ना’ आला असता तर ती प्रत्ययाची अदलाबदल झाली असती. तिच्याने अर्थाची हानी नव्हती. येथे लेकरे गेली, तहान गेली, आणि मुख्य म्हणजे ‘नाही’ गेले. ‘सुविधेबाबत चर्चा’ या शब्दांवरून पाणी आहे की नाही हे गटशिक्षणाधिकाऱ्यास कळावयाचा मार्ग राहत नाही. तक्रारीचे रूपांतर विषयात झाले. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या व्याख्यानांत आणि १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवून दिले की काही वाक्ये वर्णन करीत नाहीत, कृती करतात; परंतु त्यासाठी बोलणारास तसे बोलण्याचा अधिकार असावा लागतो व प्रसंग योग्य असावा लागतो. ‘मंजूर करण्यात आले’ हे कृतिवाक्य आहे. ज्या सभेस चारच सदस्य आले आणि उरलेल्यांच्या सह्या वा अंगठे पुढील आठवड्यात घरोघर जाऊन घेतले, तेथे हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असून कृतिदृष्ट्या पोकळ असते. असे होते त्यात मुख्याध्यापकाची लबाडी असतेच असे नाही; बहुतेक ठिकाणी तो दोनशिक्षकी शाळेचा ओझ्याने वाकलेला मनुष्य असतो आणि त्याला तपासणीच्या दिवशी वही दाखवावयाची असते.

यात भाषाभेदाची आणखी एक पायरी आहे. परभणी जिल्ह्यात उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत, लमाण तांडे आहेत. तांड्यावरील आईची भाषा गोरमाटी; उर्दू शाळेतील मुलाच्या घरची दखनी. दोघींनाही बाजारापुरती मराठी येते. परंतु ‘विनियोग’, ‘आराखडा’, ‘अनुमोदक’ ही बाजारातील मराठी नव्हे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता राज्याच्या सरासरीहून बरीच खाली होती आणि स्त्रियांची पुरुषांहून बरीच खाली. निम्म्या स्त्रिया असाव्यात हा नियम आणि सर्व व्यवहार लेखी प्रशासकीय मराठीत, या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे सहीच्या रकान्याखेरीज त्या स्त्रीस काही उरत नाही.

मुख्य शब्द आता घ्यावा. ‘पालक’ हा पालन करणारा. त्याचा जोडशब्द ‘पाल्य’, म्हणजे ज्याचे पालन करावयाचे तो. अर्थाच्या दृष्टीने हा शब्द उदार आहे. त्यात जन्म देण्याची अट नाही, लिंगाची नाही, वयाची नाही. जो अन्न घालतो, निजवतो, आजारात जागतो तो पालक. उलट खेड्यातील मनुष्य स्वतःस पालक म्हणवीत नाही. तो लेकराचा बाप, ती लेकराची माय. पालक हा शब्द त्यास शाळेच्या चिठ्ठीतून भेटतो, किंवा वर्तमानपत्रातून ‘पालकमंत्री’ या रूपात. जिल्ह्यावर राज्य शासनाचा जो मंत्री नेमलेला असतो त्यास पालक म्हणण्याची महाराष्ट्राची रीत मोठी बोलकी आहे. ‘मायबाप सरकार’ हा अर्जातील जुना मायनाच तिने संस्कृतात नेला. ज्या भाषेत शासन हे पालक आणि जिल्हा हा पाल्य, त्या भाषेत गावातील एका पालकाने शासनाच्या शाळेवर देखरेख ठेवावयाची, म्हणजे पाल्याने पालकास जाब विचारावयाचा. हे कठीण आहे ते केवळ भिडेमुळे नव्हे.

व्यवहारात या उदार शब्दाचा संकोच दोन वेळा झाला आहे. पहिला संकोच ‘माता-पालक’ या जोडशब्दाने उघड केला. मातांसाठी निराळा शब्द करावा लागला याचाच अर्थ नुसता ‘पालक’ म्हटल्याने पिता हा धरला जात होता. भाषाशास्त्रात ज्यास अचिन्हित रूप म्हणतात ते पुरुषाकडे गेले आणि स्त्रीस चिन्ह लागले. माता-पालक संघ हा सद्‌हेतूने निघाला, अलीकडच्या माता गटांनी तर पहिलीतील मुलांच्या अक्षरओळखीचे काम अंगावर घेतले. पण नामकरणाचा परिणाम असा की अभ्यास आणि खिचडीची चव हे मातांचे विषय ठरले, आणि अनुदान, बांधकाम व अध्यक्षपद हे विशेषणाविना असलेल्या पालकांचे. २०२५ साली राज्याने शाळास्तरावरील कितीएक समित्या एकत्र केल्या. कागद कमी झाले हे चांगले झाले. जुनी वाटणी नव्या समितीच्या विषयपत्रिकेत शिरते की काय, हे तपासण्यास विद्यार्थ्यांना एक चांगला विषय आहे.

दुसरा संकोच अधिक गंभीर. परभणी जिल्ह्यातून, विशेषतः गंगाखेड, सोनपेठ, पालम, जिंतूर या भागांतून, दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात व फाल्गुन-चैत्रात परततात. मुकादम उचल देतो ती माणसाला नव्हे, ‘कोयत्या’ला. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. एकटा मजूर असेल तर तो अर्धा कोयता. म्हणजे जून ते ऑक्टोबर ज्या दोन व्यक्ती शाळेच्या दप्तरात पालक असतात, त्याच नोव्हेंबर ते मार्च मुकादमाच्या वहीत मिळून एक कोयता होतात. या दोन वह्या एकमेकींशी बोलत नाहीत. मासिक सभा मात्र बाराही महिने धरलेली. त्याहून विपरीत असे की, केंद्राच्या २०१० च्या नियमांत समितीने आपला पहिला आराखडा आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी निदान तीन महिने तयार करावा असे म्हटले आहे, म्हणजे डिसेंबरअखेर. गावचे निम्मे पालक फडावर असताना गावच्या शाळेच्या गरजा लिहावयाच्या! (आराखडा तीन वर्षांचा आणि समितीचे आयुष्य दोन वर्षांचे, ही आणखी एक गंमत.) आणि मग अहवालात वाक्य येते: ‘पालक उदासीन आहेत.’ उदासीन या शब्दाचा मूळ अर्थ दूर बसलेला. तेवढा अर्थ घेतला तर वाक्य खरे आहे. त्या दिवशी ते पालक शेकडो मैल दूर असतात, फक्त बसलेले नसतात.

मागे राहिलेल्या मुलांसाठी राज्याने हंगामी वसतिगृहाची योजना केली आणि ती शाळा व्यवस्थापन समितीमार्फत चालवावयाची असे ठरविले. योजना मोलाची आहे. साखरशाळांच्या काळात मूल आईबापांमागे कारखान्यावर जाई व शिक्षण तेथे त्याच्या मागे धावे. वसतिगृहाने मुलास गावी, त्याच्याच वर्गात ठेवले. पण ज्या समितीने मुलांची यादी करावयाची, स्वयंपाकाची व्यवस्था पाहावयाची, पैसा खर्चावयाचा, तिच्या सदस्यांतून नेमके त्या मुलांचे आईबाप हंगामभर गैरहजर. जे मागे राहतात ते जमीन असलेले, दुकान असलेले. त्यांची मुले वसतिगृहात नसतात. प्रस्ताव आणि मंजुरी यांत पंधरवडा गेला तर मुकादमाची गाडी थांबत नाही, आणि मूल गाडीत बसते. पटावर त्याचे नाव राहते. त्याच्या हाती शिक्षण हमी पत्रक दिलेले असलेच, तर ते कोपीत आईच्या पातळाच्या घडीत राहते.

मग त्या पाच महिन्यांत या मुलांचा पालक कोण? उत्तर गावात सर्वांना ठाऊक आहे. ती आजी. वसतिगृहात जेवण मिळाले तरी रात्री मूल बहुधा तिच्याच अंथरुणात असते. तापात त्याच्या कपाळावर पट्टी ठेवणारी ती, शाळेत न गेल्यास हाकलणारी ती. मराठी शब्दाच्या अर्थाने ती पालक आहे याबद्दल शंका नाही. विशेष हे की कायद्याच्या अर्थानेही आहे. अधिनियमाच्या दुसऱ्या कलमातील व्याख्येत ‘पेरेंट’ म्हणजे जन्मदाते, सावत्र वा दत्तक आईवडील. परंतु ‘गार्डियन’ म्हणजे ज्या व्यक्तीकडे बालकाची देखभाल व ताबा आहे ती, आणि त्यात नैसर्गिक व न्यायालयाने नेमलेला पालक हे केवळ समाविष्ट आहेत. व्याख्या त्यांच्यापुरती मर्यादित नाही. कलम २१ ‘पेरेंट अथवा गार्डियन’ असे दोन्ही शब्द वापरते. मराठीत दोहोंसही सर्रास पालक म्हटले जाते. यातून व्याप्ती वाढावयास हवी होती, ती घटली, कारण मराठी शब्दाचा अर्थ इंग्रजीतील पहिल्या शब्दावरून केला गेला आणि दुसरा विसरला गेला. भाषांतरात अर्थ हरवतो हे नेहमी ऐकू येते. येथे भाषांतरात अर्थ शाबूत राहिला आणि वाचनात हरवला.

यावर असा आक्षेप येईल की शब्दांच्या या चर्चेने काय साधणार. आजीला समितीत घेतले तरी ती बोलणार नाही, आणि बोलली तरी शिक्षकांची रिक्त पदे भरली जाणार नाहीत. आक्षेपाचा उत्तरार्ध मान्य करावयास हवा. क्रियापदे बदलल्यावाचून, म्हणजे समितीस काही तरी ठरविण्याचा अधिकार दिल्यावाचून, सदस्यांची अदलाबदल पुरेशी नाही. पूर्वार्ध मात्र मान्य होण्याजोगा नाही. ती बोलत नाही असे म्हणणारांनी तिला बोलताना ऐकले आहे, परंतु इतिवृत्तात लिहिलेले नाही. वसतिगृहातील भात कच्चा होता की शिजलेला, मूल रात्री उपाशी आले की जेवून, हे सांगण्यास आराखडा या शब्दाचा अर्थ कळावा लागत नाही. दिवाळीपूर्वीच्या सभेत, पालक गावात असताना, प्रत्येक जाणाऱ्या कुटुंबाने मागे कोण राहणार त्याचे नाव द्यावे, ते नाव हंगामापुरते निमंत्रित म्हणून सूचीत यावे, तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत, ‘नाही’सकट, लिहावे, आराखडा डिसेंबरऐवजी सप्टेंबरात करावा. नियमांतील मुदत ही ‘निदान’ तीन महिन्यांची आहे, अधिक आधी करण्यास कोणाची आडकाठी नाही. यांपैकी एकाही गोष्टीस कायद्याचा एक शब्द बदलावा लागत नाही.

दाखल-खारीज नोंदवहीत पालकाच्या नावाचा रकाना एकच, आणि तेथे पित्याचे नाव लिहिण्याचा प्रघात जुना. १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाच्या नावापाठोपाठ आईचे नाव, मग वडिलांचे आणि आडनाव, असा क्रम महाराष्ट्राने ठरविला आहे. ती मुले २०३० च्या सुमारास पहिलीत येतील. गंगाखेड तालुक्यात त्या वर्षीही दिवाळीनंतर गाड्या भरून निघाल्या, तर नोंदवहीत दोन नावे असतील, आणि दोन्ही नावांची माणसे त्या दिवशी गावात नसतील.